विसरण्याचं वय

पाळी जाऊ लागली की आधी नावं हरवतात. हैदराबादच्या सुलतान बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेलेली माझी मैत्रीण दुकानाच्या पायरीवरच थबकते. साडी घरी राहिली आहे, पण तिचा रंग डोळ्यांपुढे लख्ख आहे. ‘मोरपंखी’ एवढाच शब्द काही केल्या आठवत नाही. दुकानदार आपल्या दख्खनीत विचारतो, “कैसा रंग होना अम्मा?” ती नुसती बोटं हलवत राहते. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेली बाई! मग वाटेत हळूच विचारते, “मला वेड तर लागत नाहीये ना गं?”

नाही गं, बाई. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हेलकावे खात असतं. आठवण आणि लक्ष सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांना त्याचा आधार असतो. त्यात रात्री अंगाची लाही, घामाने भिजलेली उशी, तुटलेली झोप. नेमकी याच वर्षांत मुलांची बारावी आणि सासूबाईंचं आजारपण येतं, आणि घर म्हणतं, “हल्ली तू फार वेंधळी झालीस.” किती सहज बोलून जातात! अमेरिकेत 1996 पासून चाललेल्या ‘स्वान’ या मोठ्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवलं, की नवं शिकण्याचा मंदावलेला वेग पाळी गेल्यावर पुन्हा सावरतो. मोरपंखी परत येतो.

पण काहींच्या वाट्याला हा सावकाश उतार येतच नाही. “पिशवी काढली,” असं तिशीतल्या बायका इकडे किती सहज सांगतात! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण देशात शेकडा 3.3, तर तेलंगणात 8.2 निघालं. एकेकाळी याच हैदराबाद संस्थानात असलेल्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची तीच कथा: पाळीत खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पिशवीच नको. 2019 मध्ये त्यावर सरकारी समिती बसली. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर जो बदल वर्षानुवर्षं होतो तो एका रात्रीत कोसळतो. मग कोयता कुठे ठेवला, उचल किती फिटली, हे आठवेना झालं, तर ती बाई कुणाला सांगणार? तिच्या विसरण्याची नोंद कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

म्हणून सांगते. विसरायला होत असेल तर थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर बीजकोश ठेवणार का, हे आधी विचारा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.