नागपूर-मुंबई : अंतर किती, वेळ किती?



"मुंबई किती लांब?" असे कोणी विचारले की आपण चटकन किलोमीटर सांगतो. पण घरचे आजारी माणूस मुंबईच्या दवाखान्यात न्यायचे असो, की संत्र्याचा माल वाशीच्या बाजारात, खरी गरज असते ती तासांच्या हिशेबाची. तोच हिशेब आज मांडून पाहू.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८५ कि.मी. भरते. रेल्वे भुसावळ, मनमाडवरून ८३७ कि.मी. जाते. समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. लांब आहे, पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. मुंबई शहर तिथून आणखी पुढे. तरीही तो रेल्वेपेक्षा सरळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा ५२० कि.मी.चा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा. या टप्प्यात सुमारे ८ कि.मी.चा बोगदा असल्याने कसारा घाट टळतो.

विमान दीड तासात मुंबईला पोचते. पण विमान काही आपल्या अंगणातून सुटत नाही! समजा, आपले घर काटोलकडे आहे. विमानतळ गाठायला दीड-दोन तास, सुटण्यापूर्वी दोन तास आधी हजर राहणे, उड्डाणाचा दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास, पुढे शहरात एक तास. झाले सात तास! मोटारीने महामार्ग गाठायला दीड तास, वाटेत विसाव्यासह आठ-नऊ तास, शेवटी शहरात दीड-दोन तास. म्हणजे बारा तासांच्या आसपास. विमानाने वाचतात ते पाच तास. अत्यवस्थ रोग्यासाठी ते मोलाचे आहेत. नुसत्या तपासणीची तारीख असेल, तर रात्रीच्या रेल्वेत झोपून जाणे खिशाला आणि शरीरालाही मानवते.

आता मालाचे पाहू. मालट्रकला महामार्गावर ताशी ८० कि.मी.ची मर्यादा आहे. म्हणजे ७०१ कि.मी.ला न थांबता नऊ तास लागतात. विसावा, चहापाणी आणि आमण्यापुढची गर्दी धरून बारा तास हाताशी ठेवा. पहाटेच्या बाजारात माल उतरवायचा, तर दुपारी चारच्या आत गाडी निघालीच पाहिजे. म्हणून तोडणी व प्रतवारी सकाळीच उरका. उशीर बांधावर करायचा आणि तो रस्त्यावर भरून काढायला चालकाला सांगायचे, हे बरे नव्हे.

याचे कारण गंभीर आहे. रस्ता सरळ, एकसारखा. रात्री चालकाचा डोळा केव्हा लागेल सांगता येत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. तेव्हा निघण्यापूर्वी टायर व त्यांतील हवा तपासा. दर दोन तासांनी गाडी थांबवा. रात्रीच्या प्रवासाला दोन चालक ठेवा. दुचाकी घेऊन या मार्गावर जाऊ नका. तिला तेथे मनाई आहे.

रस्त्याने आपले तास वाचवले आहेत. त्यांतला एक तास चालकाच्या झोपेसाठी राखून ठेवा. माल थोडा उशिरा पोचला तर भाव दोन पैसे कमी येईल, पण माणूस घरी परत येईल.