चाळणी बदलली, ओवी कळली

कुकरची रिंग सैल झाली की आपण नवी आणून बसवतो. शिलाई मशीनचा पट्टा तुटला, मिक्सरच्या भांड्याचा वॉयसर गेला, तर कुणाची वाट बघत बसत नाही. त्याला कुणी ‘तांत्रिक काम’ म्हणत नाही. पण गाणी वाजवणाऱ्या खोक्याचा स्क्रू काढायला बसा, की घरातले सगळे भोवती जमतात. “अगं, राहू दे! तुला काय कळतं त्यातलं?” मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. सकाळी तीन तास शाळेत मराठीच शिकवते. तरीही सांगते, हे काम चाळणी बदलण्याइतकंच आहे.

आमच्याकडे फळीवर मावणारे दोन लहान स्पीकर आहेत. ह्यांनी कॉलेजात असताना, २००३ साली, टेपसकट घेतलेले. महागातले नव्हेत. त्यावर वाजवायची आमची सर्वांत मोलाची चीज म्हणजे एक कॅसेट. दारव्हा तालुक्यातल्या आजोळी १९९४ साली सासूबाईंच्या भावानं ती भरली होती. सासूबाईंची आई जात्यावर बसली आहे, जातं घरघरतं आहे आणि ती ओव्या म्हणते आहे. म्हातारी गेली, जातं अंगणात पालथं पडलं. उरली ती ही कॅसेट.

सासूबाई आता ७२ वर्षांच्या. ओव्या लिहून काढायच्या तर त्या आहेत तोवरच. त्यातली नाती, गावं, जुने शब्द सांगणारं दुसरं कुणी नाही. पण वही घेऊन बसलं की त्या म्हणायच्या, “बाईचा आवाज येते व माय, पन बोल काई समजत नाई.”

आधी वाटलं, वयामुळे असेल. उतारवयात बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हे खरंच आहे. पण सातवीतल्या माझ्या लेकीलाही शब्द कळेनात. मग टेपचं हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसून घेतलं. थोडा फरक पडला. शेवटी कानाला हेडफोन लावून ऐकलं, तर बरेच शब्द स्वच्छ! म्हणजे कॅसेट ठीक, टेप ठीक, दोष खोक्यात. सासूबाई काही कानात बोंडं घालून घेणार नव्हत्या, आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचं तर स्पीकरच हवा. एका दुकानात विचारलं, तर “जुनं टाका, नवीन न्या” एवढंच उत्तर मिळालं. दत्त चौकाकडच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी मात्र नीट समजावलं, ते तुम्हाला सांगते.

स्पीकरच्या खोक्यात दोन तोंडं असतात. मोठा वूफर जाड, खालचे आवाज काढतो. चिमुकला ट्वीटर बारीक, वरचे. कुणाच्या वाट्याला काय जायचं हे ठरवणारी आतली चाळणी म्हणजे ‘क्रॉसओव्हर’. भारी स्पीकरांत त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी, रोध आणि कपॅसिटर असा संसार असतो. स्वस्त खोक्यांत बहुधा ट्वीटरच्या वाटेवर एकच कपॅसिटर बसवून काम भागवलेलं असतं. आमच्याही खोक्यात तेवढंच होतं. त्यावर ‘४.७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट’ असं छापलेलं. आठ ओहमच्या ट्वीटरला हा कपॅसिटर साधारण सव्वाचार हजार हर्ट्झच्या वरचे आवाज पोचवतो, खालचे हळूहळू अडवतो.

आता मराठीच्या बाईंना ह्यात गोडी का वाटली, ते ऐका. आपल्या बोलण्यात स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे भरदार आणि खालचे. वूफर ते छान काढतो. पण शब्दाला शब्दपण येतं ते व्यंजनांनी, आणि ‘स’सारख्या व्यंजनाचा सगळा जोर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरच असतो. ट्वीटर मंदावला की आवाज कानी येतो, पण शब्द विरघळतात. सासूबाईंची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती म्हणायची!

काकांनी कपॅसिटरचा एक पाय सोडवून मीटर लावलं. ४.७ च्या जागी एकाचा आकडा २.९, दुसऱ्याचा ३.१. म्हणजे ट्वीटर जिथून बोलू लागायचा ती जागा साडेसहा हजारांच्या आसपास सरकलेली. कारण काय? हे स्वस्त कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला. वर्षानुवर्षं तो द्रव सुकत जातो, आणि उष्णतेनं फार लवकर. दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात पापड दोन तासांत कडक होतात. वीस उन्हाळे सोसलेल्या त्या बिचाऱ्याचं काय होणार!

त्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर बसवतात. आपले प्लॅस्टिकचे डबे ज्याचे असतात त्याच जातीचं हे प्लॅस्टिक. त्यात सुकण्यासारखं काही नसतं. आम्ही दोन नागपूरहून, सीताबर्डीच्या बाजारातून मागवले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असा माल मिळतो. दोन कपॅसिटर, थोडं कथील आणि दोन लहान रोध मिळून साडेतीनशे रुपयांच्या आत काम झालं.

कृती अशी:

टेपची पिन भिंतीतून काढावी, स्पीकरच्या तारा सोडवाव्यात. वूफरचे चार स्क्रू काढून तो अलगद बाहेर घ्यावा. स्क्रू वाटीत ठेवावेत. कुठली तार कुठे आहे, याचा मोबाइलवर फोटो काढावा. ट्वीटरची अधिक-उणे बाजू होती तशीच राहिली पाहिजे.

जुना कपॅसिटर काढून त्याच आकड्याचा नवा लावावा. व्होल्ट जास्त चालतात, मायक्रोफॅरड मात्र तितकेच हवेत. आकडा वाढवला तर जाड आवाज ट्वीटरकडे जातात आणि तो नाजूक जीव जळतो. अधिक-उणे खूण असलेला साधा कपॅसिटर इथे चालत नाही. नव्याला उलट-सुलट बाजू नसते.

२५ वॅटची सोल्डरिंग पुरते. आधी जोड तापवावा, मग कथील लावावं; डाग चकचकीत दिसला पाहिजे. खिडकी उघडी ठेवावी, मुलांना दूर बसवावं आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवावेत, कारण बहुतेक कथिलात शिसं असतं.

नवा कपॅसिटर जुन्याच्या कितीतरी पट मोठा निघतो. तो खोक्याच्या आतल्या भिंतीला गरम गोंदानं घट्ट चिकटवावा, नाहीतर आवाजाबरोबर खडखडतो.

दोन गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. स्पीकरमागचं चुंबक स्क्रूड्रायव्हर खस्सकन ओढून घेतं आणि पडदा फाटतो; हात घट्ट ठेवा. आणि ज्या स्पीकरला स्वतःची विजेची पिन आहे, तो उघडू नका. त्याच्या आत ॲम्प्लिफायर असतो, आणि पिन काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. ते काम मेकॅनिकचंच.

मी आधी एकच खोका केला. दोन्ही शेजारी ठेवून, तीच ओवी एकदा ह्यातून, एकदा त्यातून लावली. सासूबाईंना कुठला नवा ते सांगितलं नव्हतं. तिन्ही वेळा त्यांनी त्याच खोक्याकडे बोट केलं. मग दुसराही केला. आवाज जरा टोचरा वाटला, तेव्हा काकांच्या सल्ल्यानं ट्वीटरच्या वाटेवर १ ओहमचा, पाच वॅटचा रोध घातला, मऊपणा आला. उगाच फुगवून सांगत नाही. ढोलकीचा ठेका होता तसाच आहे, छोटा खोका मोठा झालेला नाही. आणि कपॅसिटर धड असता, तर एवढा फरक पडलाही नसता. फरक पडला तो शब्दांत.

एका ओवीत इतकी वर्षं सगळ्यांना “आई” असं ऐकू यायचं. सासूबाई समजत होत्या, आपली आई तिच्या आईला हाक मारते आहे. आता तिथे ‘स’ उमटला. ती “सई” म्हणत होती! सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग थे गंगूमावशी व्हय. दोघी एकाच जात्यावर बसत.” त्या गंगूमावशीचं नाव आमच्या घरात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सासूबाई तिच्याबद्दल तासभर बोलल्या, आणि लेकीनं वहीत तिच्यासाठी वेगळं पान केलं. २३ पैकी १९ ओव्या आता लिहून झाल्यात. चारांत अजून शब्द अडतात. तिथे टेपच घासली आहे, त्याला कपॅसिटर काय करणार?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी बायकांना सोबत घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत. पण त्यांच्यापर्यंत न पोचलेली एखादी कॅसेट तुमच्याही पेटीत असेल: बारशाची, मंगळागौरीची, कुण्या आत्याच्या पाळण्याची. ती काढा. बुरशी नाही ना ते बघा, एकदा पुढे-मागे फिरवून घ्या आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच मोबाइलवर तिची नक्कल करून ठेवा. जुनी फीत कधी तुटेल ते सांगता येत नाही. शब्द कळत नसतील तर कानांना आणि कॅसेटला दोष देण्याआधी हेडफोन लावून खात्री करा. आणि ओळखणारं माणूस घरात असेल, तर दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका. ह्याच रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.