आईचा आरसा

घरातला आईचा आरसा कडेने काळा पडत चालला होता. आपल्या गोव्याचा पाऊस! दमट हवा कडेतून शिरते आणि काचेमागचा चांदीचा मुलामा खाते. 'नवा आण,' सगळे म्हणाले. पण याच आरशात बघून आई कुंकू लावायची.

रविवारी तिसऱ्यांचं सुकं झालं. उरलेले शिंपले उकळले, घासले, उन्हात वाळवले. सुताराकडून प्लायवूडच्या चार पट्ट्या आणल्या, काळी कड झाकेल अशी चौकट केली आणि फेविकॉलने शिंपले चिकटवले. काळेपणा पुढे सरकू नये म्हणून मागून कडांना वार्निश मारलं. खर्च म्हणाल तर पट्ट्यांचा आणि वार्निशचा.

आई बुटकी होती. आरसा जुन्याच खिळ्याला टांगलाय. मी अजून वाकूनच भांग पाडतो.