दोन गुणांचे अंतर

आमच्या गोंदियात पहाटे फिरायला निघणाऱ्याला बालाघाट मार्गावर एक दृश्य हमखास दिसते. अंधार पुरता ओसरलेला नसतो, कडेच्या बांध्यांमधून धानाचा ओलसर वास येत असतो आणि वीस-बावीस वर्षांची मुले-मुली धापा टाकीत धावत असतात. ती खेळाडू नसतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला वनरक्षक. त्यांपैकी काही जण दिवसा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि मी कादंबरीतील निवेदकाविषयी बोलत असताना डुलक्या घेतात. पूर्वी मला त्याचा राग येई.

अशाच धावणाऱ्यांपैकी एक माजी विद्यार्थी भरतीचा निकाल लागल्यानंतर मराठी विभागात येऊन बसला. थोडक्या गुणांनी राहिला होता. तो काही बोलेना, तेव्हा मीच बोलू लागलो आणि शिक्षकाच्या सवयीने एक गोष्ट सांगितली : उमेश यादवची.

ही गोष्ट विदर्भात आता पाठ झाल्यासारखी आहे. उत्तर प्रदेशातील पडरौन्याकडून पोटासाठी आलेले तिलक यादव नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामाला लागले. १९८७ साली जन्मलेला त्यांचा मुलगा खाण कामगारांच्या वसाहतीत वाढला. त्याने सैन्यात प्रयत्न केला, जमले नाही. पोलीस शिपायाची नोकरी अवघ्या दोन गुणांनी हुकली, असे सांगतात. टेनिसच्या चेंडूने खेळणारा हा मुलगा वयाच्या विशीत पहिल्यांदा लेदरचा चेंडू हाती घेतो, २००८ साली विदर्भाकडून रणजी खेळतो आणि नोव्हेंबर २०११मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताकडून मैदानात उतरतो. कसोटी खेळणारा विदर्भाचा तो पहिला खेळाडू. ज्याला शिपाई होता आले नाही, त्याला २०१७ साली रिझर्व्ह बँकेने सहायक व्यवस्थापकाचे पद दिले.

विद्यार्थ्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, दोन गुणांनी राहणारे पुष्कळ असतात. त्याच्याकडे वेग होता. माझ्याकडे काय आहे?"

मला उत्तर देता आले नाही. तो गेल्यावर वाटले, साहित्याच्या अध्यापकाला त्याच्या विद्यार्थ्याने नेमके पकडले. यशोगाथा हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची रचना आपण वर्गात उलगडून दाखवू शकतो. शेवट आधी ठरलेला असतो आणि त्याच्या उजेडात सुरुवातीचे अपयश शुभशकुन ठरते. दोन गुण कमी पडले ते बरेच झाले, असे वाचकाला वाटू लागते. पण त्या वर्षी दोन गुणांनी राहिलेल्या इतर मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या रचनेत बसतच नाही. मी सांत्वन म्हणून जे सांगितले, ते त्या मुलाच्या दृष्टीने अशा माणसाचे चरित्र होते ज्याला सांत्वनाची गरजच उरली नव्हती.

म्हणून मी उमेशची कारकीर्द पुन्हा, या वेळी शेवट बाजूला ठेवून, पाहू लागलो. तेव्हा वेगळीच गोष्ट हाती आली. जानेवारी २०१२मध्ये पर्थच्या कसोटीत त्याने एका डावात पाच बळी घेतले. २०१५च्या विश्वचषकात १८ बळी घेऊन तो भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. तरीही संघातली त्याची जागा कधी पक्की झाली नाही. परदेशातील हिरव्या खेळपट्ट्यांवर ईशांत, शमी आणि पुढे बुमराह यांना प्राधान्य मिळे. उमेशच्या वाट्याला बहुधा येत त्या मायदेशीच्या कोरड्या खेळपट्ट्या, जिथे सामना फिरकीपटू जिंकतात आणि वेगवान गोलंदाजाने चार-सहा षटके टाकून बाजूला व्हायचे असते.

ऑक्टोबर २०१८मध्ये हैदराबादला त्याने वेस्ट इंडिजचे दहा बळी घेतले, सामनावीर ठरला. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात चारपैकी एकच कसोटी मिळाली, तीही पर्थलाच. ती हरली आणि मेलबर्नला तो संघाबाहेर होता. यशोगाथा लिहिणारा इथे थांबत नाही, घाईने पुढे जातो. पण मला पुढचाच महिना महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१९मध्ये केरळातील वायनाडला रणजीचा उपांत्य सामना होता. तिथे उमेशने केरळविरुद्ध पहिल्या डावात ४८ धावांत सात आणि दुसऱ्या डावात ३१ धावांत पाच बळी घेतले. पुढे अंतिम सामन्यात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला.

आणि मार्च २०२३. वडिलांना जाऊन आठवडाभरच झाला होता. इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने पाच षटकांत १२ धावा देऊन तीन बळी घेतले आणि मायदेशात शंभर कसोटी बळी पूर्ण केले. त्याच वर्षी जूनमध्ये ओव्हलवरच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यानंतर तो कसोटी संघातून बाहेर झाला. ५७ कसोटी, १७० बळी. मला हे आकडे शिखराचे वाटत नाहीत. वगळले जाऊनही पुन्हा धाव घेण्यासाठी मागे चालत जाणाऱ्या माणसाचे ते आकडे आहेत.

पण विद्यार्थ्याचा प्रश्न याने सुटत नाही. वेग अंगी असतो हे खरे, पण तो कुणीतरी ओळखावा लागतो. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने लेदरच्या चेंडूची सवय नसलेल्या या मुलाचा वेग पाहिला आणि त्याला संघात घेण्याचा आग्रह धरला. यशोगाथेत अशा माणसाला एखादे वाक्य मिळते. वास्तविक कथानक तिथेच वळते. दोन गुण कमी पडलेला मुलगा आणि पहिला कसोटीपटू यांच्यात जे अंतर आहे, त्यात एक पाहणारा डोळा उभा आहे.

हे लक्षात आले आणि मी अस्वस्थ झालो. कारण "माझ्याकडे काय आहे?" याचे उत्तर माझ्याच कपाटात होते. द्वितीय वर्षाला असताना त्याच मुलाने मला एक वही दिली होती. रोवणीला जाणाऱ्या आपल्या आजीच्या तोंडचे झाडीबोलीतले शब्द त्याने अर्थांसह टिपले होते. परा, बांधी, चिखल, पाऊस यांच्या भोवतीचे कितीतरी शब्द, जे मला कोणत्याही कोशात आढळले नव्हते. मी "वाचतो" म्हणालो होतो. त्याला तीन वर्षे झाली. दरम्यान बोलींच्या ऱ्हासावर मी दोन चर्चासत्रांत निबंध वाचले.

परवा वही काढली आणि एका रात्रीत वाचली. त्या वहीने त्याला नोकरी मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि तसे मी त्याला सांगणारही नाही. तो पुन्हा भरतीची तयारी करतो आहे. मी फक्त फोन करून म्हणालो, "तुझ्या वहीत सत्तेचाळीसाव्या पानावर एका शब्दाचा अर्थ राहिला आहे. आजीला विचारून सांगशील का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही वाचली?"