नवापूरच्या अंगणातला पूल

नवापूरच्या फलाटावर एक गमतीचे बाक आहे: अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत! १९६० साली राज्ये वेगळी झाली, स्टेशन मात्र तसेच राहिले. तिथे टेकावे म्हटले, तर मामांनी हाताला धरून थेट घरच्या अंगणात नेले.

नातवासाठी त्यांनी तुळशीपासून पेरूपर्यंत खेळण्यातल्या गाडीचे रूळ टाकले होते. मधल्या पन्हळीवर हवा होता अमेरिकेतल्या खाणींवर असतो तसा लाकडी पूल. नंदुरबार जिल्ह्यात अशी खाण कुठली? पण नातवाने चित्र आणले, मग काय!

प्रमाण अर्ध्या इंचाला एक फूट. म्हणजे २४ फुटांचा पूल फूटभर. लाकूड इथलेच, साग. प्रत्येक घोडीला चार पाय, बाहेरचे दोन फाकवलेले. आठ घोड्या उभ्या राहिल्या, इंजिन चढले आणि सगळ्या एका अंगाला कलल्या. पोर रडकुंडीला आले.

"चौकट कलते रे, त्रिकोण कलत नाही," मामा म्हणाले. मग घोडीघोडीला तिरप्या पट्ट्या आल्या. लाकडाचे टोक पाणी शोषते, म्हणून पायांखाली दगडी चिपा. मामांचा हात हल्ली कापतो, शेवटची चूक (खिळ्यातली बरे का!) नातवाने ठोकली.

दिवेलागणीला गाडी पुलावर थांबली, डबा कलंडला, आणि मूठभर ज्वारी खाली मामींच्या परातीत पडली.