हिरव्या इमारतीचं पाणी गिरणीत शिरलं त्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा. आधी माझी चूक सांगतो, मग बाकीच्यांची.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या पानावर माझी चार कॉलम बातमी होती. आमच्या शहरातल्या एका सरकारी कार्यालयाची जुनी इमारत पाडून तिथे ‘हरित इमारत’ होणार. प्रेसनोट आली होती, सोबत कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र. चित्रात हिरवळ, कारंजं आणि आमच्या तालुक्यात कधी न दिसलेली टायवाली माणसं. मी प्रेसनोट जरा वरखाली केली आणि स्वतःचं नाव टाकून पाठवली. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. गावातल्यांना कळेलच, बाहेरच्यांना त्याची गरज नाही.

त्याच आठवड्यात आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, बोटभर जाहिरात होती. सदर आवारातील अकरा झाडे तोडणेबाबत हरकती मागविण्यात येत आहेत. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार अशी जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीसही लावावी लागते. ती जाहिरात आमच्याच पेपरात आली. तालुक्याच्या बातमीदाराला पगार कमी, जाहिरातीचं कमिशन हाच आधार, हे पत्रकारितेतल्या मित्रांना सांगायला नको. त्या जाहिरातीचं कमिशन माझ्या खात्यात जमा झालं. जाहिरात मी वाचली नव्हती.

हरकत एकही आली नाही. नऊ कडुलिंब आणि दोन चिंचा गेल्या.

आता या जूनमधली गोष्ट. दुपारी चारला पाऊस सुरू झाला, तासाभरात थांबला. त्या आवाराच्या खालच्या अंगाला जी गल्ली आहे तिथे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या मावशींचा फोन आला, लवकर ये म्हणाल्या. गेलो तर गिरणीत गुडघ्याच्या जरा खाली पाणी. मोटर गेली होती. लोकांचे दळणाचे डबे तरंगत होते, ज्वारीच्या दोन गोण्या भिजल्या होत्या. मावशी रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. म्हणाल्या, “दादा, तुमीच छापलं होतं ना, हिरवी बिल्डिंग म्हणून? चाळीस वर्षं गिरणी हाय हितं. पाणी कदी आलं न्हवतं.”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो आणि तेव्हा पहिल्यांदा हरित इमारतीचे नियम शोधून वाचायला बसलो. म्हणजे बातमी छापल्यावर तीन वर्षांनी.

आपल्याकडे मुख्य तीन प्रकारची प्रमाणपत्रं चालतात. गृह (टेरी आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून केलेलं), आयजीबीसी (उद्योगांच्या सीआयआय या संघटनेचं) आणि अमेरिकेहून आलेलं लीड. माझा समज असा की हरित म्हणजे सोलर, एलईडी आणि कमी पाण्याचे नळ. ते असतंच. पण तिन्हीत जागेचा एक वेगळा भाग आहे, आणि तो वाचताना मला अक्षरशः घाम फुटला. कारण त्यात जे जे करू नका म्हटलंय ते सगळं मी डोळ्यांनी होताना बघितलं होतं, चहाच्या टपरीवर उभा राहून.

पहिलं म्हणजे माती. खणायच्या आधी जमिनीचा वरचा वीतभर थर वेगळा काढायचा, ढीग लावून झाकून ठेवायचा आणि काम झाल्यावर झाडांसाठी तोच परत पसरायचा. हा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आमच्या आवारात चाळीस-पन्नास वर्षांच्या पाल्याची काळीभोर माती होती. चार दिवसांत टिप्परने वीटभट्टीवर गेली. गंमत पुढे आहे. इमारत झाल्यावर लॉनसाठी बाहेरून लाल माती विकत आणली, ट्रॉलीच्या ट्रॉली. स्वतःची काळी विकून बाहेरची लाल घेतली.

दुसरं, काम चालू असताना माती वाहून गटारात जाऊ नये, धूळ उडू नये, याचा आराखडा. लीडमध्ये याला गुणच नाहीत, कारण ती पूर्वअट आहे. ती पाळली नाही तर पुढचं काही मोजतच नाहीत. आमच्याकडे त्या दोन पावसाळ्यांत गल्लीचं गटार गाळाने निम्मं भरलं होतं. ते कोणी उपसलं नाही. गिरणीत पाणी शिरायचं एक कारण ते.

मोठं कारण मात्र फरशी. आवार साधारण एक एकराचं, म्हणजे ढोबळ चार हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे शाळेतलं गणित आहे, पण मी कधी मांडलंच नव्हतं. पन्नास मिलिमीटरची एक सर आली की त्या आवारात दोन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजारी टँकर धरा, वीस टँकर. पूर्वी त्यातलं बरंचसं माती आणि झाडांची मुळं पिऊन टाकायची. आता कंपाऊंडपासून कंपाऊंडपर्यंत पेव्हर ब्लॉक, खाली मुरूम दाबून काँक्रीट. वीस टँकर गेटमधून निघतात आणि उतार गल्लीकडे आहे.

मग पावसाचं पाणी जिरवायची सोय नव्हती का? होती की! शोषखड्डा आहे. चांगला बांधलेला, खडी-वाळू भरलेला, वर जाळी. फक्त तो आवाराच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात आहे. छताचे पाईप पेव्हरच्या वर दोन फुटांवर संपतात. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा खड्ड्यातली खडी बाजारातून आत्ता आणल्यासारखी स्वच्छ होती. तिथल्या तरुण इंजिनिअरला विचारलं तर म्हणाला, “सर, ड्रॉइंगमध्ये तिथेच आहे.” पोरगा खोटं बोलत नव्हता. ड्रॉइंग दाखवलं त्याने. ड्रॉइंगवर उताराच्या रेषाच नव्हत्या.

उष्णतेचंही एक कलम आहे. मोकळ्या जागेवर सावली हवी किंवा फिक्या रंगाची, पाणी झिरपू देणारी फरशी हवी, छत पांढरं हवं. मेमधे मी कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक त्या गडद लाल पेव्हरवर धरली. आकडा आलाच नाही, ‘हाय’ असं दाखवून गप्प बसली. पेन्शनच्या कामाला आलेली म्हातारी माणसं पूर्वी कडुलिंबाखाली बसायची. आता पार्किंगच्या पत्र्याखाली, गाड्यांच्या मधे उभी राहतात.

हे सगळं होऊनही गेटवर ‘हरित इमारत’ पाटी कशी? मला सुरुवातीला वाटलं पैसे खाल्ले. असतीलही, माझ्याकडे पुरावा नाही. पण कागद बघितल्यावर साधं कारण दिसलं. प्रमाणपत्रासाठी नोंदणीच पाया भरून झाल्यावर केली होती. तोवर माती भट्टीत भाजून झालेली, झाडं वखारीत. तपासायला आलेल्याने काय बघायचं? सोलर, नळ, दिवे, काचा. त्यांचे गुण मिळाले, खरेच मिळाले. जागेचा भाग कामाच्या पहिल्या पंधरवड्यात ठरतो आणि तेव्हा साइटवर जेसीबीवाला सोडून कोणी नसतं.

हे जमत नाही असंही नाही. हैदराबादचं सीआयआयचं ग्रीन बिझनेस सेंटर बघा. २००३ मध्ये लीडचं प्लॅटिनम मिळालं, अमेरिकेबाहेरची तशी पहिली इमारत. उद्घाटन २००४ साली राष्ट्रपती कलामांनी केलं. छताच्या निम्म्याहून जास्त भागावर बाग आहे, सांडपाणी झाडांच्या मुळांतून शुद्ध करून वापरतात. वीस वर्षं झाली त्याला.

आणि यात आपला पैसा आहे. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. म्हणजे खाजगी बिल्डरही आता या पाटीसाठी रांग लावणार, तालुक्याच्या गावातसुद्धा. जादा मजला त्यांचा, पाणी खालच्या गल्लीचं.

मावशींनी मोटर रिवाइंडिंग करून आणली, खर्च त्यांचाच. उंबऱ्यापाशी दोन विटांचा बांध घातलाय, तो ओलांडून दळणाचा डबा आत न्यावा लागतो. भरपाईचा अर्ज मी लिहून दिला. त्यावर ‘नैसर्गिक आपत्तीत बसत नाही’ असा शेरा आला. शोषखड्ड्याकडे पाईप वळवा, गेटजवळ आडवा चर काढून जाळी टाका आणि उताराच्या कोपऱ्यात दुसरा खड्डा घ्या, असं निवेदन दिलंय. पोच आहे, उत्तर नाही.

परवा जुन्या बसस्टँडमागच्या प्लॉटवर हिरवे पत्रे ठोकायला सुरुवात झाली. तिथे आठ झाडं आहेत, त्यात एक चिंच माझ्या वडिलांच्या लहानपणीही एवढीच होती म्हणतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरतात आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. नोटीस यावेळी मी वाचली. जाहिरात दुसऱ्या पेपरात होती, कमिशन दुसऱ्याला गेलं. हरकतीत तीन प्रश्न विचारलेत. माती कुठे ठेवणार, पाणी कुठे जाणार, मानांकनाची नोंदणी खणायच्या आधी केली का.

सुनावणी येत्या गुरुवारी अकराला आहे. कोणी येणार असाल तर या. मावशी गिरणी बंद ठेवून येणार आहेत.