फॉलन लीफच्या काठची लोखंडी पेटी

कॅलिफोर्नियात, टाहो सरोवराच्या दक्षिणेस, सुमारे ६,४०० फूट उंचीवर फॉलन लीफ सरोवर आहे. हिमनदीने कोरलेल्या खोलगटात हे पाणी साठले आणि तिनेच लोटून आणलेल्या दगडमातीच्या बांधाने ते टाहोपासून वेगळे राखले. टेलर ओढा मात्र दोघांना आजही जोडतो. पश्चिमेस ९,७३५ फुटांचा टॅलॅक पर्वत उभा आहे.

काठच्या राष्ट्रीय वनात मुक्कामाचा तळ आहे. तंबूला जागा, जेवणाचे मेज, शेकोटीचे कडे आणि एक भक्कम लोखंडी पेटी. नवखा प्रवासी तिला सामानाची सोय समजतो. वास्तविक ती अस्वलाच्या जिवासाठी ठेवलेली असते.

येथील अस्वल जातीने काळे म्हणवते, रंगाने पुष्कळदा तपकिरी असते. त्याचे घ्राणेंद्रिय विलक्षण तीक्ष्ण. शीतनिद्रेपूर्वी, शरद ऋतूत, त्याची भूक अनावर होते. अशा वेळी मेजावर विसरलेला थेपल्यांचा डबा, मोटारीतील बिस्किटे, इतकेच नव्हे तर टूथपेस्ट आणि साबणही त्याला आमंत्रण देतात. माणसाच्या अन्नाची एकदा चटक लागली, की ते मोटारींची दारे उचकटू लागते, माणसाचे भय विसरते. दूर नेऊन सोडले तरी अनेकदा परतते. अखेर धोकादायक ठरवून त्याला ठार केले जाते. अपराध डबा विसरणाऱ्याचा, शिक्षा मुक्या प्राण्याला!

पेटीची कडी अशी बेतलेली असते, की माणसाची बोटे आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. ती केवळ रात्री लावून भागत नाही; भर दुपारी सरोवरावर फिरावयास निघतानाही लावावी लागते.